न कापता कस लावायचा

मागच्या दिवाळीआधी आईच्या दोन जुन्या पाटल्या मोडायला सराफाकडे गेले होते. माझ्या लहानपणी हेच काम काळ्या दगडावर चालायचं. सराफ कसोटीवर दागिना घासायचा, शेजारी खात्रीच्या सोन्याची रेघ ओढायचा, वर ॲसिडचा थेंब सोडायचा आणि डोळे बारीक करून दोन्ही रेघांकडे बघत बसायचा. फारच शंका आली तर दागिना गाळायचा. या वेळी त्याने पाटली एका पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि अर्ध्या मिनिटात चिठ्ठी हातात दिली. सोनं इतके टक्के, तांबं इतकं, चांदी इतकी. पाटलीवर ओरखडासुद्धा नाही.

आई म्हणाली, "माणसाच्या अंगाला लावायचं असं मशीन नाही का निघालं?"

थट्टेत म्हणाली, पण विषय मनातलाच होता. तिच्या धाकट्या बहिणीची, माझ्या मावशीची, तेव्हा पिशवीच्या तोंडाची कॅन्सरच्या शंकेने तपासणी चालू होती. आधी आतली तपासणी, मग रिपोर्टसाठी पंधरा दिवस, मग पुन्हा बोलावणं, मग तुकडा काढणं, मग आणखी पंधरा दिवस. शेवटी काही निघालं नाही. पण तो दीड महिना घरात कुणी धड जेवलं नाही.

मी कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते. त्यामुळे आईच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं: असं मशीन काढायचे प्रयत्न तीस वर्षांहून जास्त काळ चालू आहेत, चांगल्यापैकी जमलेलेही आहेत, आणि तरीही ते आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात दिसत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकत्र कशा बसतात ते सांगते.

सराफाच्या पेटीत पाटलीवर क्ष-किरण पडतात. सोन्याचा अणू त्याला स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत देऊन उत्तर देतो, तांब्याचा त्याच्या ऊर्जेचे. पेटी परत आलेले किरण ऊर्जेनुसार वेगळे करते आणि मोजते. एखाद्या वस्तूवर प्रकाश टाकायचा, परत काय आलं ते रंगारंगांत फोडून मोजायचं आणि त्यावरून वस्तू कशाची बनली आहे ते सांगायचं, एवढाच स्पेक्ट्रोस्कोपीचा अर्थ. फोडून मांडलेल्या त्या रंगांच्या आलेखाला वर्णपट म्हणतात. शरीरावर क्ष-किरणांऐवजी साधा दिसणारा, किंवा त्याच्या जरा अलीकडचा-पलीकडचा प्रकाश वापरतात. बाकी तत्त्व तेच.

शोधायचं काय?

गर्भाशयाचा खालचा निमुळता भाग योनीत उघडतो. ते गर्भाशयमुख, आपल्या बायकांच्या बोलण्यातलं पिशवीचं तोंड. त्याच्या बाहेरच्या बाजूवर चपट्या पेशींचे एकावर एक थर असतात, ते गुलाबी दिसतात. आतल्या नळीला उंच पेशींचा एकच थर असतो, तो लालसर दिसतो, कारण खालचं रक्त त्यातून दिसतं. हे दोन प्रकार जिथे भेटतात, तिथे वयात आल्यापासून पुढे अनेक वर्षं लालसर थराच्या जागी गुलाबी थर तयार होत असतो. अशी सतत बांधकाम चालू असलेली जागा विषाणूला सोयीची. एचपीव्ही हा विषाणू नेमका तिथेच शिरतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही आहे हे दाखवणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

बहुतेक बायकांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या बाबतीत मात्र १६ किंवा १८ क्रमांकाचे जहाल प्रकार ठाण मांडतात. मग काय होतं बघा. निरोगी थरात सगळ्यात खालची रांग नव्या पेशी तयार करते. त्या वर सरकत जातात, चपट्या होतात, त्यांच्यात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जमतो, आणि शेवटी त्या गळून पडतात. विषाणूने ताबा घेतला की वर सरकणाऱ्या पेशी पिकतच नाहीत. मोठ्या केंद्रकाच्या, कच्च्या, घाईत वाढणाऱ्या पेशी वरवर चढू लागतात. या कॅन्सरपूर्व बदलाच्या पायऱ्यांना डॉक्टर सीआयएन म्हणतात: थराच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चढल्या तर सीआयएन-१, दोन तृतीयांशापर्यंत सीआयएन-२, त्याहून वर सीआयएन-३. थराखालचा पातळ पडदा फोडून त्या खाली उतरल्या, की मग तो कर्करोग. हा प्रवास सहसा दहा वर्षं, कधी त्याहून जास्त चालतो. सीआयएन-१ तर बऱ्याचदा आपोआप मागे फिरतो.

या सगळ्या थराची जाडी किती? अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. चांगल्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याएवढी. एवढ्याशा जाडीत दहा वर्षांची गोष्ट घडते, आणि त्या काळात दुखत नाही, रक्त जात नाही, काही कळत नाही.

इथे एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. अंगावरून पांढरं जाणं हे कॅन्सरपूर्व बदलाचं लक्षण नव्हे. बहुतेक वेळा तो साधा जंतुसंसर्ग असतो. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये राज्यभर गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल अशी भीती घातल्याचं त्यातल्या कित्येकींनी सांगितलं होतं. जागेवर बघून "तुझ्या पिशवीचं तोंड चांगलं आहे, घरी जा" असं खात्रीने सांगणारं साधन हाताशी असण्याचं मोल त्या बातम्या वाचताना मला कळलं.

भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कर्करोग होतो आणि पाऊण लाखाहून जास्त बायका त्याने जातात. दहा वर्षं आधी शोधता येणाऱ्या रोगाने इतक्या बायका जाव्यात हे संतापजनक आहे.

कसोटीचा दगड

तपासणीचे आजवरचे मार्ग सराफाच्या भाषेत सांगता येतात. पॅप चाचणी म्हणजे दागिना झटकून पडलेली पूड तपासणं: जॉर्ज पापानिकोलाउ यांची पद्धत, १९४०च्या दशकात रूढ झाली. पृष्ठभागावरच्या पेशी खरवडून काचपट्टीवर पसरतात, रंग देतात, आणि तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. बायोप्सी म्हणजे तुकडा कापून गाळून बघणं. अंतिम निवाडा तिचाच. आणि कसोटीचा दगड म्हणजे व्हिनेगर.

खरंच व्हिनेगर. तीन ते पाच टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड कापसाने गर्भाशयमुखावर लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेल्या पेशींची केंद्रकं मोठी असतात, त्यात प्रथिनं ठासून भरलेली असतात. ॲसिडने ती तात्पुरती गोठतात आणि प्रकाश मागे उधळू लागतात. गुलाबी भागावर पांढरा डाग उमटतो. काही मिनिटांनी तो विरतो. आता विचार करा, हासुद्धा प्रकाशाचाच खेळ आहे. फक्त मोजणारं यंत्र म्हणजे नर्सचा डोळा. हॅम्बुर्गच्या हान्स हिन्सेलमान यांनी १९२५ मध्ये या कामासाठी भिंग आणि दिवा एकत्र आणून कोल्पोस्कोप बनवला. त्यात हिरवा फिल्टर असतो. रक्त हिरवा प्रकाश गिळतं, म्हणून हिरव्या उजेडात रक्तवाहिन्या काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात.

या व्हिनेगरच्या तपासणीची जगातली एक मोठी परीक्षा आपल्याकडे झाली. टाटा मेमोरियलच्या सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखांच्या आसपास बायकांचा अभ्यास केला. डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका तपासणी करत. दर दोन वर्षांनी एक फेरी. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. त्याआधी २००९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, खेड्यांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. १,३१,७४६ बायका, ५२ गावसमूह, आणि त्यातल्या एका गटात आयुष्यात एकदाच केलेली एचपीव्ही चाचणी. आठ वर्षांत त्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे राहिले. (दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी काही बायकांना तपासणीविना ठेवलं होतं. त्यावर नैतिकतेचे प्रश्न उठले, आणि ते उठायलाच हवे होते.)

म्हणजे उपाय माहीत आहेत. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के भारतीय बायकांनी आपली ही तपासणी कधी तरी झाल्याचं सांगितलं.

आशाताईंना विचारा, त्या अडचण एका वाक्यात सांगतात: "एकदा आणता येतं हो ताई, दुसऱ्यांदा येत नाही." पॅपचा आणि एचपीव्हीचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. तोवर बाई गावी, शेतावर, कारखान्यावर. पुन्हा यायचं म्हणजे एसटीचं भाडं, बुडालेला रोज आणि घरच्यांना काय सांगायचं हा प्रश्न. व्हिनेगरचं उत्तर जागेवर मिळतं, पण ते बघणाऱ्याच्या डोळ्यावर आणि अनुभवावर चालतं. साधी सूज आलेली जागाही पांढरी दिसते. जागेवर मिळणारं उत्तर आणि डोळ्यावर न सोडलेला निवाडा, या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाव्यात म्हणून प्रकाशाची सगळी खटपट.

तीन प्रकारची उत्तरं

पेन्सिलीएवढी नळी डोळ्यांपुढे आणा. आत केसासारखे काचतंतू. काही तंतू प्रकाश आत नेतात, काही परत आणतात. नळीचं टोक गर्भाशयमुखावर अलगद टेकवायचं, काही सेकंद थांबायचं, उचलायचं. परत आलेल्या प्रकाशात तीन प्रकारच्या बातम्या असतात.

पहिली बातमी साध्या परावर्तनाची. पांढरा प्रकाश आत गेला, त्यातला कोणता रंग किती परत आला? कोरोनात घराघरांत पोचलेला ऑक्सिमीटर जवळपास हेच करतो. बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून रक्तात ऑक्सिजन किती ते सांगतो. हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश अधाशासारखा गिळतं, आणि ५४२ व ५७७च्या आसपासचा हिरवा-पिवळाही. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) वर्णपटात त्या ठिकाणी खड्डे दिसतात. बिघडलेल्या जागेला जास्त रक्त लागतं, तिथे नव्या वाहिन्या फुटतात, खड्डे खोल होतात. शिवाय मोठी झालेली केंद्रकं प्रकाश वेगळ्या तऱ्हेने उधळतात. पेल्यातल्या पाण्यात दुधाचे चार थेंब टाकले आणि दहा टाकले तर पलीकडचा दिवा वेगळा दिसतो, तसंच काहीसं.

दुसरी बातमी चकाकीची, आणि ही मला सगळ्यात आवडते. बँकेतला कॅशियर नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो तेव्हा तिच्यातले बारीक धागे झळकतात. डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश घेऊन धाग्यातले रेणू दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. हे प्रतिदीपन. आपल्या शरीरातही असे रेणू जन्मजात आहेत, बाहेरून रंग टाकावा लागत नाही. पेशींच्या थराखालच्या गादीत कोलॅजेनचे तंतू असतात. अतिनील प्रकाशात ते निळसर चमकतात. पेशींच्या आत ऊर्जेच्या देवघेवीत फिरणारे एनएडीएच आणि एफएडी हे रेणू असतात. पहिला निळा, दुसरा हिरवट चमकतो.

पेशी बिघडू लागल्या की या चमकीचा ताळेबंद बदलतो. खालच्या गादीतले कोलॅजेनचे तंतू विरळ होऊ लागतात. त्याचं कारण असं की बिघडलेल्या पेशी पडदा फोडायच्या कितीतरी आधीपासून खालच्या जमिनीशी छेडछाड करत असतात. वरचा थर आणि वाढलेलं रक्त खालची चमक वर येऊ देत नाहीत. त्याच वेळी घाईत वाढणाऱ्या पेशींत एनएडीएच वाढतं. कोलॅजेनची चमक उतरते, पेशींची चढते. म्हणजे यंत्र गाठ शोधत नाही. गाठ अजून झालेलीच नसते. ते शोधतं घरातला बिघडलेला हिशेब.

टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या रेबेका रिचर्ड्स-कॉर्टम यांच्या गटाने १९९४ मध्ये जिवंत गर्भाशयमुखावर हे करून दाखवलं. ३३७ नॅनोमीटरचा नायट्रोजन लेसर, काचतंतूंची नळी आणि निर्मला रामानुजम या संशोधिकेचं पहिलं नाव असलेला शोधनिबंध. एकाच बाईच्या गर्भाशयमुखावर निरोगी जागेपेक्षा बिघडलेली जागा मंद चमकते, हे त्यात स्पष्ट दिसलं. आणि त्याच निबंधात पुढच्या सगळ्या अडचणींचं बीजही होतं. त्याच्याकडे येतेच.

तिसरी बातमी रामन परिणामाची. २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन पाळतो तो याच्यासाठी; १९२८ मध्ये कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी हा परिणाम टिपला. रेणूवर आपटून परत फिरणाऱ्या प्रकाशाचा अगदी नगण्य भाग, साधारण कोटीत एखादा कण, किंचित रंग बदलून येतो. बदललेला रंग म्हणजे त्या रेणूच्या थरथरण्याची सही. ग्लायकोजेनची सही वेगळी, डीएनएची वेगळी, प्रथिनांची वेगळी. वर सांगितलं तसं निरोगी पेशी पिकताना ग्लायकोजेन साठवतात, कच्च्या पेशी साठवत नाहीत. डॉक्टर आयोडीन लावून बघतात तेव्हा निरोगी भाग गडद तपकिरी होतो आणि बिघडलेला पिवळट राहतो, तेही ग्लायकोजेनमुळेच. रामन वर्णपट आयोडीन न लावता तेच वाचतो, वर डीएनए वाढल्याची खूणही.

रामन यांच्याकडे लेसर नव्हता. तो १९६० मध्ये आला. त्यांनी सुरुवातीचे प्रयोग सूर्यप्रकाश, भिंगं आणि रंगीत काचांवर केले. कोटीत एक कण डोळ्यांनी पकडायचा म्हणजे कमाल आहे. आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी लेसर असूनही कंटाळतात.

गर्भाशयमुखावर रामन वापरताना आणखी एक गंमत होते. ज्या काचतंतूतून प्रकाश आत जातो, ती काचही स्वतःची रामन सही देते, आणि ती शरीराच्या सहीपेक्षा ठळक असते. म्हणून नळीच्या टोकाला बारीक फिल्टर बसवावे लागतात. खोलीतली ट्यूबलाइट बंद करावी लागते, नाही तर यंत्र बाईऐवजी ट्यूबलाइटचाच रिपोर्ट देतं.

तुलना कुणाशी?

सराफाच्या दगडावर दोन रेघा असत हे आठवा. एकटी रेघ काही सांगत नाही. १९९४च्या त्या अभ्यासात हाच प्रश्न आला. एका बाईच्या निरोगी जागेची चमक दुसरीच्या निरोगी जागेच्या चमकेपेक्षा कित्येक पटींनी वेगळी निघाली. म्हणजे अमुक चमकेच्या खाली सगळं बिघडलेलं अशी सरसकट रेघ मारायची सोयच नव्हती. संशोधकांनी प्रत्येक बाईचं माप तिच्या स्वतःच्याच निरोगी जागेच्या मापाशी ताडून बघितलं, तेव्हा कुठे फरक नीट दिसला.

फरक पडायला कारणं तरी किती! वयाबरोबर कोलॅजेन बदलतं. पाळी गेल्यावर थर पातळ होतो, खालची चमक जास्त वर येते, ग्लायकोजेन घटतं. आतल्या नळीचा लालसर थर निरोगी असूनही मंद चमकतो, तो यंत्राला आजारी वाटतो. जुनाट सूज असली तर रक्त जास्त, चमक कमी. पुन्हा तीच गफलत. नळी जरा जास्त दाबली तर टोकाखालचं रक्त बाजूला सरतं आणि वर्णपट बदलतो. वर स्राव असला तर आधी स्रावाचाच वर्णपट येतो. आपल्याकडच्या बाईची पाच बाळंतपणं, वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि अंगातलं रक्त कमी, हे सगळं ऑस्टिनमध्ये शिकवलेल्या यंत्राला अनोळखी असणार. सराफाची पेटीही एका बाबतीत अशीच फसते. ती वरवरचंच वाचते. जाड मुलामा दिलेला दागिना तिला खरा वाटू शकतो.

म्हणून मला आपल्याकडचं एक काम फार महत्त्वाचं वाटतं. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे. तिथे मुरली कृष्णा यांच्या गटाने रामन पद्धतीवर वर्षानुवर्षं काम केलं, तोंडाच्या कर्करोगावर आणि गर्भाशयमुखावरही. प्रत्यक्ष रुग्णांवर मोजमापं घेताना त्यांना प्रश्न पडला: जिचं सगळं गर्भाशयमुखच गाठीने व्यापलं आहे, तिची निरोगी जागा आणायची कुठून? त्यांनी त्याच बाईच्या योनीच्या भिंतीचा वर्णपट घेऊन बघितला. भिंतीवरही तसाच चपट्या पेशींचा थर असतो, वय तेच, संप्रेरकं तीच. तो वर्णपट निरोगी गर्भाशयमुखाच्या जवळचा निघाला. नळी आधी भिंतीला टेकवायची, मग गर्भाशयमुखाला. दगडावर दोन रेघा, दोन्ही तिच्याच.

कानपूरच्या आयआयटीत असिमा प्रधान यांच्या गटाने दुसऱ्या अंगाने हात घातला: रक्त चमकीत जी भेसळ करतं ती गणिताने वजा करायची, म्हणजे उरते ती रेणूंची स्वतःची चमक. कोलॅजेन आणि एनएडीएच यांचा खरा हिशेब त्यातून निघतो.

यंत्रं आली, गेली

कागदावर एवढं जमलं तर दुकानात काय आलं? अमेरिकेत लुमा नावाच्या यंत्राला २००६ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. प्रतिदीपन आणि परावर्तन दोन्ही वापरून ते गर्भाशयमुखाचा नकाशा काढायचं. पण मान्यता फक्त कोल्पोस्कोपीच्या जोडीला वापरण्यापुरती होती. डॉक्टरने आधी स्वतः बघायचं, मग यंत्राचं ऐकायचं. महागडं यंत्र, आणि काम मदतनिसाचं. ते रुजलं नाही. ब्रिटनमध्ये डायसिस या यंत्राने शहाणपणा केला. त्याने नवा प्रकाश आणलाच नाही, व्हिनेगरचा जुनाच डाग घेतला आणि तो किती वेगाने पांढरा होतो, किती वेळ टिकतो याचा आलेख काढून रंगीत नकाशा दिला. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी त्याची शिफारस झाली. आणि १९९४च्या निबंधातल्या रामानुजम? ड्यूक विद्यापीठात त्यांनी पुढे जे बनवलं त्यातलं गाजलेलं साधन म्हणजे पॉकेट कोल्पोस्कोप: खिशात मावणारा, स्वस्त, फोनला जोडता येणारा कॅमेरा. वर्णपटात हात मुरलेल्या बाईने खेड्यासाठी आधी कॅमेरा बनवावा, यात मला हार दिसत नाही, हिशेब दिसतो.

हिशेब कसा, ते आकड्यांत बघू. हे आकडे समजण्यापुरते मीच घेतले आहेत. एका गावातल्या १००० बायका तपासल्या. त्यातल्या १० जणींना खरोखर उपचार लागण्याजोगा बदल आहे. यंत्र दहातल्या नऊ ओळखतं, उत्तम. पण निरोगी बायकांपैकी पाचात एकीला उगाच संशयित ठरवतं. निरोगी ९९०, त्यांच्या पाचव्या हिश्श्याने १९८. एकूण संशयित २०७, त्यातल्या खऱ्या ९. म्हणजे तेवीस जणींना हाक मारायची तेव्हा एक खरी सापडणार, आणि बाकीच्या बावीस जणींच्या घरी माझ्या मावशीसारखा दीड महिना.

तेच यंत्र दुसऱ्या पायरीवर ठेवा. आधी एचपीव्ही चाचणी. तिचा नमुना बाई स्वतःच घेऊ शकते, टेबलावर झोपायचीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनाही २०२१ पासून याच चाचणीला पहिली पसंती देते. ज्यांच्यात विषाणू सापडला त्यांतल्याही बहुतेकींना काही बदल झालेला नसतो. मग या मोजक्या बायकांमध्ये आज कुणावर उपचार करायचे आणि कुणाला वर्षाने बोलवायचं, हे प्रकाशाने सांगावं. निरोगी बायका आधीच गाळलेल्या असल्याने उगाचची हाकाटी खूप घटते. आणि बदल दिसलाच, तर त्याच टेबलावर, त्याच दिवशी, थंडीने गोठवून किंवा उष्णतेने जाळून ती जागा नष्ट करता येते. हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, भूल लागत नाही. प्रकाशाची खरी जागा ही, असं माझं मत आहे. सगळ्यांना चाळणी लावायला तो महाग आणि हळवा आहे. चाळणीत उरलेल्यांना जागेवर निवडायला मात्र त्याच्या तोडीचं काही नाही.

या सगळ्याच्या आधी लस आहेच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये बाजारात आली. मुलींना ती द्यावी. पण आज चाळिशीत असलेल्या बायकांना तिचा फारसा उपयोग नाही. त्यांना तपासणीच हवी.

पाटल्यांचे पैसे घेऊन घरी आल्यावर हे सगळं मी मावशीला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. एनएडीएचपर्यंत तिने ऐकलं असेल असं मला वाटत नाही. मध्येच म्हणाली, "म्हणजे टेबलावर झोपायचं चुकत नाहीच."

"नाही चुकत."

"आणि कळतं कधी?"

"तिथेच. उठायच्या आत."

तिने सोललेल्या शेंगांची टरफलं एका बाजूला लोटली. "मग ते कुठे मिळतं ते बघ," म्हणाली.

मी खारघरचं सांगितलं, आणि तिथेही ते संशोधनासाठीच आहे, हेही सांगितलं.